मलकापूरला हरलो तो दिवस

बाबा, गावच्या कबड्डी मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी मागितलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी मंडळाचे अध्यक्ष आणि सचिव घरी आले. अध्यक्ष तुमच्या एका विद्यार्थ्याचा मुलगा, सचिव त्याहूनही लहान. दोघांनीही तुम्हाला पाहिलेलं नाही. म्हणाले, "मॅडम, स्मरणिका काढून राह्यलो. गुरुजींचा काळ तुमीच पाह्यला. तुमच्याशिवाय कोन लिहिन?" बरोबर दीड पानाचा टाइप केलेला मजकूर होता. मी चष्मा लावून शुद्धलेखन तपासावं आणि खाली सही करावी अशी सोय करूनच ते आले होते. मी तो त्यांच्यासमोर वाचला. पहिल्या ओळीत तुम्ही क्रीडामहर्षी होतात, दुसरीत तुम्हाला एका दानशूर घराण्याकडून मैदान मिळालं होतं, आणि चौथ्या ओळीपर्यंत कबड्डीची पहिली ढाल गावात आलीसुद्धा होती. मी म्हटलं, "हे तुम्ही घेऊन जा. मी माझं लिहीन." आयुष्यभर कॉलेजात मुलांचे पेपर तपासले आहेत. अभ्यास न करता लिहिलेलं मला दोन ओळींत कळतं.

आता सोळा पानं झाली आहेत. तुमच्या हजेरीच्या वह्या, माझी गुणांची वही, सगळं टेबलावर आहे. एकच परिच्छेद राहिला आहे, पहिल्या ढालीचा. तो लिहायच्या आधी तुमच्याशी बोलून घेते, कारण त्यात तुम्ही आहात, आणि मंडळाला हवे आहात तसे त्यात नसणार आहात.

मैदानाचं मी आधीच दुरुस्त केलं आहे. मैदान मिळालं ते तुम्ही गेल्यावर. तुमच्या काळात मंडळाकडे जागा नव्हती, खळी होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दोन खोल्यांची शाळा, समोर बाभळी आणि गोटे. तुम्ही जागा शोधत सगळी शिवारं पालथी घातलीत आणि शेवटी ज्वारीच्या खळ्यावर येऊन थांबलात. चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत केलेली जमीन, गोटा नाही, काटा नाही. पण शेतकरी आपलं खळं पोरांना नाचायला का देईल? तुम्ही बोली केलीत: मंडळाचे गडी त्याची मळणी करून देतील आणि त्या बदल्यात होळीपर्यंत खळं मंडळाचं. दिवसा बैल फिरवायचे, कणसं उलटायची, वारा सुटला की उपणायचं. ऊन उतरलं की मधला खांब उपटून खड्डा बुजवायचा, राखेनं रेघा आखायच्या आणि दम भरायचा. दर वर्षी नवं खळं, नवा मालक. स्मरणिकेत एका घराण्याचं नाव आहे, मी त्या जागी सगळ्या खळ्यांच्या मालकांची नावं घातली आहेत. त्यांत भाजीपाला लावणारे दोन भाऊ आहेत, ज्यांचं खळं इतकं लहान होतं की शेवटची रेघ मेथीच्या वाफ्याला टेकायची.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. पोरीनं खळ्यावर वही घेऊन बसावं हे गावाला रुचत नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिचं गणित पक्कं आहे." पुढे मी बी.ए.ला गेले, एम.ए. केलं, नोकरी केली. त्या सगळ्याचं दार मला त्या वाक्यानं उघडलं, हे मला माहीत आहे. ते विसरून मी काही लिहीत नाही.

ज्याच्यामुळे हा परिच्छेद अडला आहे, त्याला तुम्ही मंडळात घेतलंत तेही खळ्यामुळेच. त्या वर्षीचं खळं एका मोठ्या शेतकऱ्याचं, आणि तो त्या घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. नाल्यापलीकडच्या वस्तीतला. वस्तीनं काही वर्षांपूर्वी धम्म घेतला होता. तिथली माणसं ताठ चालायला लागली होती, पण गावाच्या विहिरीवर, देवळापाशी, चहाच्या टपरीवर जुनंच चालू होतं. मळणीत मात्र तो सगळ्यांच्या बरोबरीनं होता, कारण कामात कोणी जात काढत नाही. त्या दिवशी मळणी उरकली. गडी धोतरं खोचतायत, कोणी राख चाळतंय, आणि तो बाजूला कडबा रचतो आहे. अंगानं सडपातळ, पाय लांब. रेघेकडे बघत बघत रचतो आहे म्हणून पेंढी तिरकी लागते. तुम्ही विचारता, "काय रे, दम किती वेळ धरतोस?"

"माप नाई काढलं गुरुजी."

"काढू. ये आत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच खळ्याचा मालक आपल्या ओसरीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात, आईच्या मागे.

"गुरुजी, पोरायले खेयू द्या. पन त्याले काऊन घेतलं?"

"मंडळाच्या घटनेत जात लिहिलेली नाही."

"घटना त तुमीच लिहिली ना?"

"हो. म्हणूनच मला ती पाठ आहे."

"मंग दुसरं खयं पाहा."

"पाहतो," तुम्ही म्हणालात. "तुमची अर्धी मळणी बाकी आहे, पाटील. आभाळही भरून आलंय."

ते उठून गेले. दुपारी त्यांचा निरोप आला की मळणी चालू ठेवा. आई पदरात तोंड घालून हसत होती. आपले दोन गडी मंडळ सोडून गेले, तुम्ही त्यांना बोलवायला गेला नाहीत. बाबा, त्या सकाळी मला तुमचा जितका अभिमान वाटला तितका पुन्हा कधी वाटला नाही. हे वाक्य इतिहासात आहे आणि ते तसंच छापलं जाईल.

मग जत्रा सुरू झाल्या आणि आपण जिंकायला लागलो. तोवर आपलं मंडळ म्हणजे पहिल्या फेरीत हरून पाहुणचार खाऊन परत येणारं मंडळ होतं. आता तुम्ही शेवटी शेवटी त्याला चढाईला पाठवायचात. तो मधली रेघ ओलांडायचा, आणि समोरचा अख्खा संघ मागे सरकायचा. मी पंचांच्या शेजारी बसून पाहते आहे: तो एक पाऊल पुढे टाकतो, ते दोन पावलं मागे. तो डावीकडे वळतो, डावीकडचे दोघं कोपऱ्यात दबतात. कोणी पायाला हात घालत नाही, कोणी कंबर धरत नाही. त्याचा हात लागायच्या आधीच एखाद्याची टाच शेवटच्या रेघेबाहेर पडते आणि पंच शिट्टी वाजवतो. मी लिहिते: एक. पुन्हा एक. लोक टाळ्या वाजवायचे, म्हणायचे, वाऱ्यासारखा आहे. एका गावानं तर त्याला बघून खेळायलाच नकार दिला. तुम्ही पंचांपुढे कायदा वाचून दाखवलात, ते गाव तरीही उतरलं नाही, आणि आपण न खेळता पुढच्या फेरीत गेलो. येताना बैलगाडीत तुम्ही खुशीत होतात. मीही होते.

कळलं ते आईला. सराव झाला की गडी आपल्या अंगणात यायचे, आणि ती हळद घालून तेल गरम करायची. सगळ्यांचे गुडघे सोललेले, कोपरं फुटलेली, एकाची नडगी कायम निळी. ती वाटी फिरवायची आणि शिव्या घालायची, "खेयाले जाता का लढाईले?" तो कुंपणाजवळ बसलेला असायचा, त्याच्यापर्यंत वाटी कधी गेली नाही, कारण त्याला ती लागलीच नाही. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर आई ताटं घेता घेता म्हणाली, "तुमी त्या पोट्ट्याचे गुडगे पाह्यले का?"

"काय झालं त्याच्या गुडघ्यांना?"

"काईच नाई झालं. तेच म्हनून राह्यली. सगळ्यायचे फुटले, त्याचे दुधाच्या सायीवानी हायेत. हा कसा खेय म्हनावा, ज्याच्यात पडनंच नाई? त्याले कोनी धरतच नाई हो."

तुम्ही भाकरी मोडत होतात. मोडायचे थांबलात. मग म्हणालात, "चपळ आहे तो. खेळातलं तुला काय कळतं?"  आईनं वरण वाढलं. पण तुमचा हात थांबला होता, बाबा. मी समोर बसले होते.

यानंतर दोन आठवड्यांनी तालुक्याच्या जत्रेत आपण ढाल जिंकली. अंतिम सामना एका गुणानं, आणि तो गुण त्यानं आणला, समोरच्या गड्याला रेघेबाहेर मागे हटवून. गावात ढोल, गुलाल, ढालीला हार. ढाल आपल्या कर्णधाराच्या डोक्यावर होती. मिरवणूक देवळाकडे वळली तेव्हा तो वेशीपाशीच मागे राहिला आणि कोणी त्याला हाक मारली नाही. ढाल बघायला मात्र वस्तीतल्या बाया नाल्याच्या काठावर येऊन उभ्या होत्या. मला वाटतं, त्या दिवशी तुम्हाला सगळं माहीत होतं. कारण त्याच आठवड्यात मलकापूरच्या स्पर्धेचं आमंत्रण आलं, आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही स्पर्धेला धावून जाणारे तुम्ही चार दिवस विचार करत बसलात. गड्यांनीच तुम्हाला ओढून नेलं.

मलकापूरचं मैदान रुळांच्या कडेला होतं. मालगाडी गेली की पंचांचं बोलणं ऐकू येत नसे. समोर रेल्वेतल्या कामगारांचा संघ. कोणी भुसावळचा, कोणी नागपूरकडचा, एक दक्षिणेकडचा, ज्याला मराठी धड येत नव्हतं. एक इंजिनात कोळसा टाकणारा, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. आपला गडी कुठल्या वस्तीतला हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायची त्यांना गरजही वाटली नाही. तुम्ही त्याला पहिल्याच चढाईला पाठवलंत. तो नेहमीसारखा सरळ आत चालत गेला, मागे हटणाऱ्या माणसांवर चाल करायची सवय झालेला. कोणी हटलं नाही. त्या कोळसेवाल्यानं त्याचा घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर, तिसरा वरून पडला. धुरळ्यात 'कबड्डी कबड्डी' दोन-तीनदा ऐकू आलं आणि थांबलं. पंचानं हात वर केला. तिघं उठले, कोळसेवाल्यानं त्याला हाताला धरून उभं केलं, पाठीवर थाप मारली. आणि तो हसत होता. गुडघे फुटलेले, ओठाला माती, नडगीतून रक्त, आणि तो असा हसत होता की मी वहीत लिहायचं विसरले. पंच ओरडला, "ओ बाई, गुण!" पुढे तुम्ही त्याला पुन्हा पाठवलंत, तो पुन्हा धरला गेला. आपण वाईट हरलो.

परतीच्या एसटीत सगळे मागच्या बाकांवर. कर्णधारानं सुरुवात केली, "काऊन बे, आज तुही हवा निघाली?"

"हवा नाई, दम निघाला. पह्यल्यांदाच."

"अन् वरून हासून राह्यला."

"हासू नाई त का करू? तीन जन होते ना बे माह्या अंगावर. तीन!" त्यानं बोटं दाखवली, जशी काही त्याला तीन ढाली मिळाल्या होत्या.

तुम्ही पुढच्या बाकावरून मान वळवलीत. "हरल्यावर हसायला लाज वाटत नाही?"

  एसटी नाल्यातून वर चढली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "गुरुजी, तुमाले म्हाईत होतं ना?"

तुम्ही खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिलात. मी तुमच्या शेजारी होते. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते, तुम्ही 'काय?' असंसुद्धा विचारलं नाहीत. मग तोच म्हणाला, "उद्या सरावात या गड्यायले सांगा गुरुजी. माहा पाय धरा म्हना. धरल्याबिगर मी सुटाले शिकीन कसा?"

तुम्ही म्हणालात, "पाहू."

खेळाच्या दृष्टीनं इतकी बरोबर मागणी तुमच्याकडे कुठल्या गड्यानं कधी केली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की इतर गावं सोडाच, आपल्या खळ्यावर, आपल्या सरावात, त्याच्याबरोबर मळणी केलेल्या, एकाच खांबाभोवती बैल हाकलेल्या आपल्या गड्यांनीसुद्धा त्याला एकदाही धरलेलं नव्हतं. सरावात तो चढाई करायचा, ते बाजूला व्हायचे, आणि तुम्ही त्याला 'चपळाईचा सराव' म्हणायचात.

दुसऱ्या दिवशी तो आला. गुडघ्यांवर खपल्या, चालताना लंगडत होता. तुम्ही शिट्टी वाजवलीत. त्यानं दम भरला, रेघ ओलांडली आणि मधोमध जाऊन उभा राहिला. हातसुद्धा पुढे केला नाही. पाय जरा फाकवून उभा, 'कबड्डी कबड्डी' म्हणत, आपल्या गड्यांकडे एकेकाकडे बघत. सोपी पकड होती, पोरंसोरंही करतील अशी. कर्णधारानं तुमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच तुमच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता, बाबा. 'धरा.' वर्गात तुम्ही नुसती पट्टी टेबलावर ठेवलीत तरी चाळीस पोरं श्वास रोखायची. खळ्याच्या मालकाला तुम्ही ओसरीवर बसून परतवलं होतंत. आणि त्या संध्याकाळी तुम्ही खाली वाकलात आणि पुसलेली रेघ राखेनं पुन्हा आखायला लागलात. तुम्ही काय मोजत होतात ते मला आता कळतं. दोन गडी आधीच गेले होते. 'धरा' म्हटल्यावर आणखी चार गेले असते, आणि मंडळ त्या वर्षीच संपलं असतं. त्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. तो वळला, चप्पल उचलली आणि कडब्याच्या गंजीमागून नाल्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे तुमच्याच अक्षरात आहे: 'शेतकामामुळे गैरहजर.' पुढच्या पानावर नावच नाही.

मी अकोल्याला कॉलेजात होते तेव्हा एकदा सुट्टीत हे तुमच्याशी बोलले होते. तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच म्हणालात, "मी त्याला आत घेतलं. या पट्ट्यात दुसऱ्या कोणी रेघेजवळ उभं केलं असतं का? दोन बुकं शिकलीस म्हणून बापाची परीक्षा घेऊ नकोस." तुमचं म्हणणं तेव्हा खरं होतं. अजूनही खरं आहे. तुम्ही घेतलं म्हणूनच तो मलकापूरपर्यंत पोचला. पण त्याला कोणी शिवत नाही याचा तुम्ही डाव केलात, त्या डावावर ढाल जिंकलीत, आणि डाव उलटल्यावर त्यानं जे मागितलं ते मंडळ वाचवण्यासाठी नाकारलंत. मंडळ वाचलं. आज त्याची स्मरणिका निघते आहे. या सगळ्या गोष्टी एकाच माणसानं केल्या आणि तो माणूस इतिहासात सगळाच्या सगळा जाणार आहे.

गेल्या आठवड्यात दोघं पुन्हा आले तेव्हा सचिवांना मी हे तोंडी सांगितलं. ते खुर्चीच्या कडेला आले. "मॅडम, इतकं जुनं काऊन उकरता? कार्यक्रमाले पाहुने येऊन राह्यले. गुरुजींचं नाव खराब होईन."

"गुरुजींचं नाव मीही लावते," मी म्हटलं.

"त्या पोरायचे नातू आज मंडळात खेयतात. त्यायले का वाटीन?"

"वाटू दे. कोणाला धरायचं आणि कोणाला नाही, हे त्यांनी आज तरी ठरवलेलं बरं."

अध्यक्ष मग म्हणाले की असं असेल तर त्यांना आपलं दीड पानच छापावं लागेल. मी म्हटलं, "अवश्य छापा. त्यावर माझं नाव घालू नका. माझी सतरा पानं मी वेगळी छापून घेईन आणि कार्यक्रमाच्या दारात उभी राहून वाटीन. माझे पाय अजून धड आहेत." दोघं चहा अर्धा टाकून गेले. काल फोन आला, "मॅडम, तुमचंच घेतो, पन जरा सौम्य लिहा." मी लिहीन ते सौम्यही नसेल आणि कडूही नसेल. जे झालं ते असेल.

पण त्याला न विचारता लिहिणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. म्हणून परवा मी वरवट बकालला जाऊन आले. तो तिथे मुलीकडे राहतो, मुलगी शाळेत शिक्षिका आहे. अंगणात उन्हाला खाटेवर बसून तो लसूण सोलत होता. पाठ वाकली आहे, पाय अजून लांब. मी म्हटलं, "वळखलं का?"

त्यानं मान तिरकी करून पाहिलं. "गुनायची वही," म्हणाला. "तुमी वहीवाल्या ताई. मलकापूरले त्या पंचाच्या शिव्या खाल्ल्या होत्या तुमी."

मी त्याला सगळं सांगितलं. पहिली ढाल खरी त्याची, असं मी लिहिणार आहे आणि ढालीच्या परिच्छेदात त्याचं नाव सगळ्यांत वर घालणार आहे, असंही म्हटलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्यानं लसणाची पाकळी सुपात टाकली आणि मान हलवली.

"नका टाकू ताई. ढालीखाली माहं नाव नका टाकू."

"काऊन?"

"तो काई खेय नव्हता. मी गेलो का ते सरकत होते. वावरातून पाखरं उडोल्यावानी. त्याचं का नाव सांगा?" मग त्याचे डोळे बारीक झाले. "मलकापूरचं लिहिता का?"

"लिहिते ना. पण तिथं हरलो आपण."

"हरलोच. मी दोनदा बाद झालो. तिथं टाका माहं नाव. दोनदा पकडल्या गेला, असं लिहा. त्या कोयशेवाल्यानं अशी काई मगरमिठी घातली होती ताई, का बस." त्यानं पायजमा वर केला. नडगीवर अजून पांढरट वळ आहे. आतून त्याची मुलगी हसत आली, "दाखवली का खूण? बाबा सगळ्यांना दाखवतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, लढाईवर जाऊन आलेत."

तर परिच्छेद आता असा होईल. ढाल कशी आली ते मी सरळ लिहीन, त्याच्या नावाशिवाय, आणि कारणासकट. सरावाची ती संध्याकाळ लिहीन, तुमच्या नावासकट. तुमच्या वहीतली ती नोंद खोटी आहे असंही लिहीन. मलकापूरच्या पराभवाखाली त्याचं पूर्ण नाव येईल, वडिलांच्या नावासह, आणि पुढे: चढाई दोन, पकडला गेला दोनदा. मंडळाच्या इतिहासात दुसऱ्या कोणाचा पराभव इतक्या तपशिलानं नसेल. उद्या सकाळी कागद छापखान्यात जातील. सचिवांनी पुन्हा फोन केला तरी त्यातला शब्द हलणार नाही.

हा कागद मात्र त्यात जाणार नाही. याच्यात एक गोष्ट आहे जी मला छापता येत नाही. मी निघाले तेव्हा तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला. फाटक धरून उभा राहिला आणि लसणाची टरफलं झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी कधी आठोन काढत होते का माही?"

तुमच्या शेवटच्या महिन्यात मी रजा घेऊन तुमच्या उशाशी होते. तुम्ही जुन्या गड्यांची नावं घेत होतात, एकेकाची चढाई, एकेकाची पकड सांगत होतात. सोडून गेलेल्या त्या दोघांचीसुद्धा. त्याचं नाव येतं का म्हणून मी रोज कान देऊन ऐकत होते. ते आलं नाही.

मी त्याला म्हटलं, "हो. नेहमी काढायचे."